किती पानं?

सातारा जिल्ह्यात फौजी ओळखायला वर्दी लागत नाही. वाईच्या एसटी स्टँडवर सगळे वाकलेले, टेकलेले, पसरलेले असतात आणि एकच गृहस्थ ताठ उभे असतात. गाडी उशिरा आली की बाकीचे ‘आली बाबा एकदाची’ म्हणत आत घुसतात. हे गृहस्थ आधी कंडक्टरला वेळ विचारतात, मग त्याला स्वतःचं घड्याळ दाखवतात आणि त्यानंतरच पाय उचलतात. समजावं, पेन्शनर आहेत आणि पेन्शन मिलिटरीची आहे.

अशी माणसं आमच्याकडे पिकतातच. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. त्याच्या नावापुढं सरळ ‘मिलिटरी’ असं लावतात आणि त्यात कुणाला गंमत वाटत नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावाची ४६ माणसं कामी आली असं सांगतात. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली निघालं, तेही साताऱ्यातच. रंगपंचमीला बावधनला बगाडाची जत्रा असते, तेव्हा दोर धरायला आलेल्यांत रजेवरचे जवान किती असतात ते विचारू नका. त्यातल्या बऱ्याच जणांनी अर्जात बगाडाऐवजी आईचं आजारपण लिहिलेलं असतं. साताऱ्याकडच्या आया नेमक्या फाल्गुनातच का आजारी पडतात, हे कोडं साहेबलोकांना पडलं असणार. पण ते सोडवायच्या भानगडीत कुणी पडलेलं दिसत नाही.

अशा मुलखात फौजीच्या पोराच्या वाट्याला एक प्रश्न ठरलेला असतो : “तुझ्या वडलांनी किती मारले?” शाळेत हा हिशेब चोख चालायचा. एकाच्या वडलांनी पासष्टच्या लढाईत सात मारलेले, दुसऱ्याच्या वडलांनी अकरा. मधल्या सुट्टीपर्यंत अकराचे पंधरा व्हायचे. मी घरी येऊन अण्णांना विचारलं. अण्णा रजेवर आलेले होते आणि अंगणात बसून लसूण सोलत होते. वर न बघता म्हणाले, “मारल्यालं ठाव न्हाई. जेवल्यालं सांगू का?”

आमचे अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत लांगरी होते, म्हणजे पलटणीच्या लंगरात स्वयंपाक करायचे. हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण हातातली मुख्य हत्यारं दोनच : ओगराळं आणि झारा.

त्यांच्या भरतीची हकीगत अशी. १९६२ च्या चिनी युद्धात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं सगळा महाराष्ट्र म्हणू लागला. सह्याद्रीच्या मागोमाग पुढच्या वर्षी अण्णाही धावले. वजन मात्र कमी भरलं. भरतीला जाणाऱ्या पोरांकडे त्यावर एक खात्रीचा इलाज असे. रांगेत उभं राहण्याआधी डझनभर केळी खायची आणि वर तांब्याभर पाणी प्यायचं. अण्णांनी तोही केला, तरी काटा हलेना. सुभेदारानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. वेळ फार लागला नाही, कारण न्याहाळण्यासारखं थोडंच होतं. मग विचारलं, “घरी काय करतोस?” अण्णांची आई लवकर गेलेली, पाठीवर धाकटी भावंडं. ते म्हणाले, “भाकरी.” तिथंच त्यांचं खातं ठरलं. “ज्यानं सोता भूक बघितलीया त्यो दुसऱ्याला उपाशी ठेवायचा न्हाई,” असं सुभेदार म्हणाला म्हणे. भरतीच्या गर्दीत सुभेदार एवढं मुद्देसूद बोलला असेल, यावर आईचा कधीच विश्वास बसला नाही.

बेळगावच्या सेंटरमध्ये त्यांना आधी बंदूक शिकवली आणि मग पोळी. लांगरी झाला तरी तो आधी शिपाई. लाइट इन्फंट्रीची चाल इतर पलटणींपेक्षा जलद असते आणि ती एकदा पायात शिरली की निघत नाही. अण्णा वाईच्या बाजारातही त्याच चालीनं चालायचे. आई पिशवी सावरत मागून ओरडायची, “अहो, मंडई हाय ही, लढाई न्हवं!”

पेन्शनीत आल्यावर खरी लढाई घरातच सुरू झाली. एका स्वयंपाकघरात दोन आचारी झाले. अण्णांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा आणि पाचला चहा तयार असायचा. तो प्यायला कुणी उठलं नाही तर ते वाट बघत बसत नसत. पितळी ताटलीवर पळी आपटून सगळ्या घराला उठवत. चहा मात्र असा व्हायचा की एका घोटात झोप आणि दुसऱ्या घोटात आळस जावा. कोरा, उकळून उकळून काळा झालेला, वर आलं, आणि साखर एवढी की चमचा उभा राहावा. थंडीत कुणाला सर्दी झाली की कँटीनच्या रममधला एक चमचा गरम पाण्यात घालून मिळायचा. स्वतः अण्णा त्या बाटलीला औषधाइतकाच मान देत, म्हणजे तब्येत बरी असेल तर हात लावत नसत.

पण घरातलं अण्णांचं खरं दुखणं वेगळं होतं. त्यांना चार माणसांचा स्वयंपाक येत नव्हता. सगळी मापं हातात बसलेली ती सव्वाशे जवानांच्या कंपनीची. एका माणसाच्या वाट्याचं मीठ त्यांना त्रैराशिक मांडून काढावं लागे. आणि अशी त्रैराशिकाची आमटी कधी अळणी व्हायची, तर कधी अशी खारट की मांजरानं वास घेऊन निघून जावं. आईला मनातून आनंद व्हायचा. “पाकिस्तानला हरवलंत, पन चौघांच्या आमटीनं तुम्हास्नी हरवलं,” असं ती म्हणायची. हीच आमटी शंभर जणांची असली की तिच्यावर बोट ठेवायला जागा नसे. म्हणजे आमच्या घरी धड जेवायचं तर उपाय एकच : शंभर माणसं बोलवायची. अण्णांनी तो उपाय पुढं आयुष्यभर केला.

वाईत शंभर माणसं जमवणं कठीण नाही. इथं घाटाघाटाला देऊळ आणि देवळागणिक उत्सव. त्यातून वाई म्हणजे विद्वानांचं गाव. प्राज्ञपाठशाळा इथली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले, मराठी विश्वकोशाचं कार्यालय इथलं. अण्णांना विद्वानांविषयी आदर होता, पण त्या आदराला परीक्षेची अट होती. सकाळी घाटावर फिरताना विश्वकोशात काम करणारे एक गृहस्थ त्यांना भेटायचे. अण्णांनी एकदा त्यांना गाठलं, “तुमच्या पुस्तकात समदं ग्यान हाय म्हंता. मग शंभर मान्सांच्या आमटीला मीठ किती, ते बघून सांगा.” गृहस्थ सज्जन होते. त्यांनी खरंच बघितलं असावं, कारण आठवड्यानं येऊन म्हणाले, “मिठावर नोंद आहे, पण आमटीपर्यंत आम्ही पोचलेलो नाही.” अण्णा प्रसन्न झाले. त्या दिवसापासून त्यांनी त्या गृहस्थांना आपल्या बरोबरीचा माणूस मानलं. दोघांपैकी एकाचं ज्ञान छापलेलं होतं, एकाचं तळहातावर होतं, एवढाच काय तो फरक.

मेणवलीच्या घाटावर नाना फडणविसांच्या वाड्याजवळ एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली ती म्हणतात. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. आलेल्या पाहुण्यांना ती दाखवायला न्यायचं काम अण्णांकडे असे. पाहुणे इतिहासानं भारावून उभे राहत. अण्णा घंटेला एक फेरी मारत आणि आपलं मत सांगत : “जेवनाची आसनार. एवढी मोठी घंटा दुसऱ्या कशाला लागतीया? किल्ल्यात मान्सं लांबलांब पांगल्याली असत्यात.” ही चर्चची घंटा आहे, हे त्यांना अनेकांनी समजावून सांगितलं. अण्णांनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या पाहुण्यांना पुन्हा तेच सांगितलं. लंगराच्या घंटेनं ज्याचं आयुष्य बांधलं, त्याला जगातली प्रत्येक घंटा जेवायलाच बोलावत असणार.

आता जमालपूर. या गावाचं नाव घरात निघालं की अण्णा हातातलं काम खाली ठेवत, म्हणून तेवढं सविस्तर सांगतो.

अण्णांची पलटण पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. १७६८ पासूनची. १९७१ च्या डिसेंबरात ती मेघालयातल्या तुऱ्याच्या बाजूनं पूर्व पाकिस्तानात उतरली. कमांडर होते कर्नल कुलदीपसिंग ब्रार. ब्रह्मपुत्रेच्या काठी जमालपूरला पाकिस्तानची ३१ बलुच पलटण बंकर बांधून बसलेली होती. समोरून धडका मारत बसण्यापेक्षा अंधारात नदी ओलांडायची, शहराच्या पाठीमागं जायचं आणि ढाक्याचा रस्ताच अडवायचा, असा बेत ठरला. हे सगळं पुस्तकांत आहे. अण्णांची गोष्ट पुस्तकाच्या आदल्या दिवशी सुरू व्हायची.

लढाईत पुढच्या फळीला चूल पेटवता येत नाही. दिवसा धूर दिसतो, रात्री जाळ. म्हणून मागं शिजवायचं आणि अंधार पडला की पुढं पोचवायचं. तेही होण्यासारखं नसेल तर जवानाच्या पाठीवरच जेवण बांधून द्यायचं : पुऱ्या आणि शकरपारे. पुरीचं पीठ घट्ट मळायचं, मोहन सढळ, पाणी कमी, आणि तळताना फुगू द्यायची नाही. फुगलेली पुरी पाहुण्याची, बसलेली पुरी शिपायाची, कारण ती दोन-तीन दिवस टिकते आणि पिशवीत मोडत नाही. चारी बाजूंनी ताडपत्र्यांचा आडोसा करून अण्णा आणि त्यांचे साथीदार आदल्या रात्रभर तळत होते. पहाटे प्रत्येक माणसाची पुडी वेगळी बांधली. इतकी माणसं, इतक्या पुड्या. नदी ओलांडताना जड सामानाला स्थानिक लोकांनी बैलगाड्या दिल्या. अण्णा म्हणायचे, “गाड्यांचा आवाज ऐकला आन् वाटलं, मांढरदेवीच्या जत्रंला चाललूया.”

शरण या, असं सांगणारी चिठ्ठी आपल्या बाजूच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी मुक्तिवाहिनीच्या एका माणसाबरोबर जमालपुरात धाडली. बलुच पलटणीच्या कर्नल सुलतान अहमदनं उत्तर पाठवलं ते कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून. लष्करी इतिहासात ही चिठ्ठी फार गाजली. अण्णांनी तिच्यावर व्यक्त केलेलं मत मात्र इतिहासात आलेलं नाही. ते असं : “एवढा ताव दावतूया म्हंजे त्येच्या कोठारात आजून आटा हाय. आटा संपला की मानूस नीट चिठ्ठी लिवतो.”

१० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून ढाक्याकडे निघालेली ती फौज थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळली. रात्रभर लढाई झाली. ११ तारखेला जमालपूर पडलं. पलटणीचीही माणसं गेली. या रात्रीविषयी अण्णा बोलत नसत. कितीही खोदून विचारलं तरी गोष्ट संध्याकाळवरून उडी मारून थेट सकाळच्या चहावर यायची.

सकाळी मोठ्या डेगचीत चहा चढवलेला. हुकूम आला की कैद्यांनाही द्यायचा. एक बलुच पोरगा, मिसरूड नुकतंच फुटलेलं, मग पुढं करून म्हणाला, “उस्ताद, चीनी है?” रात्री ज्यानं गोळ्या झाडल्या तो सकाळी साखर मागतोय. अण्णांनी साखर दिली. मी लहानपणी चिडून विचारलं होतं, “का दिली?” अण्णा म्हणाले, “त्येच्या हातात मग हुता. मग हातात आसल्याला मानूस गिनतीत धरायचा आसतोय.” फौजेत संध्याकाळच्या हजेरीला गिनती म्हणतात. अण्णांच्या गिनतीत त्या सकाळी परका मुलूख, परकी वर्दी, सगळं आलं. चहा कमी पडला नाही, हे सांगताना त्यांचा चेहरा विजयी सेनापतीचा व्हायचा.

त्याच दिवशी संध्याकाळी टांगाईलला आपले छत्रीधारी सैनिक उतरले होते. दुसरी पॅरा, म्हणजे मूळची मराठ्यांचीच तिसरी बटालियन. पुढं ढाक्याच्या रस्त्यावर दोन्ही पलटणी भेटल्या. मराठ्यांना मराठे भेटले म्हणून सगळे गळ्यात गळे घालत होते. अण्णांना एकच काळजी : “आभाळातनं आल्याली मान्सं, संगं डेगची आसनार हाय व्हय? मी आदी इचारलं, जेवलाय का?” पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागती झाली. तिचा फोटो आमच्या घरी भिंतीवर होता. त्यात नियाझी सही करतोय, जनरल अरोरा शेजारी बसलेत, मागं गर्दी उभी आहे. अण्णा त्या फोटोकडे बघून दर वेळी म्हणायचे, “एवढी मान्सं आन् टेबलावर निस्ता कागद. चहा तरी ठेवायचा.”

ती लढाई संपवून ते रजेवर आले ते १९७२ च्या दुष्काळात. आमची आत्या माण तालुक्यात दिलेली होती. तिच्या गावात माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, सुकडी खात होती आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापत होती. अण्णा तिला भेटायला गेले आणि सात दिवसांच्या शिध्याचं गाठोडं ठेवून दुसऱ्या दिवशी परत आले. राहिले का नाहीत, असं आईनं विचारलं तर म्हणाले, “ऱ्हायलो आस्तो तर तिला माजं पान मांडावं लागलं आस्तं.”

यावरून कुणी म्हणेल, अण्णा काटकसरी होते, अन्न वाया घालवत नव्हते. घरी आम्हालाही तसंच वाटायचं, कारण पातेल्यात काही उरलं की त्यांचा पारा चढायचा. चारच भाकरी उरल्या तरी रात्री घरभर फिरून कोण जेवलं नाही याची चौकशी व्हायची. आई म्हणायची, “आवो, मीच जास्त केल्या.” त्यांना ते पटायचं नाही. पुष्कळ वर्षांनी तिनंच मला कारण सांगितलं. जमालपूरच्या सकाळी पुड्या उरल्या होत्या. नावानिशी बांधलेल्या. उरलं म्हणजे कुणीतरी आलं नाही, हा हिशेब तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसला. आईजवळ ते एकदाच बोलले. ती म्हणाली, “मग मी बी तवापासनं मापातच करते. एक कमी पडली तर मी भात खाते, पन उरू देत न्हाई.” चाळीसएक वर्षं एकमेकांशी भांडणाऱ्या दोन आचाऱ्यांमधला हा तह घरात कुणाला कळलाही नव्हता.

कृष्णाबाईचा उत्सव म्हणजे अण्णांचा हंगाम. हिवाळा सरता सरता वाईच्या सातही घाटांवर तो पाळीपाळीनं होतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला होता, अशी त्याची आख्यायिका. घाटावर मांडव पडतो, देवी बसते, कीर्तनं होतात, आणि शेवटी महाप्रसाद. अण्णा नावाला फक्त ‘देखरेख’ करत. म्हणजे डोक्याला पंचा बांधून पहाटेपासून काहिलीशी उभे. कांदा चिरणाऱ्यांना एका ओळीत बसवत, वाढप्यांना फालीन करत. एकदा त्यांनी वाढप्यांच्या तुकडीला “दाहिने मुड” असं सांगितलं आणि अर्धी तुकडी जिलेबीसह डावीकडे वळली. पंगतीत डाव्या बाजूला बसलेल्यांची त्या दिवशी चंगळ झाली.

खरी गंमत काहील उतरवताना. आमटीनं भरलेली काहील विस्तवावरून उचलायला आठ जण लागतात आणि आठही जणांनी एका क्षणी जोर लावला नाही तर आमटी जमिनीवर. अण्णा बाजूला उभे राहून आरोळी ठोकत, “बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की...” आणि “जय”ला काहील हवेत. हीच घोषणा १९४१ साली इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत मराठ्यांनी दिली आणि पुढं ती सगळ्या रेजिमेंटची रणगर्जना झाली. केरेनला तिनं शत्रूचं ठाणं घेतलं, वाईत ती आमटी उतरवायची. अण्णांना त्यात काही कमीजास्त वाटत नव्हतं. “जोर लावाया लागतो तिथं घोषणा. वजन कसलं हाय ते कोन बघतोय?”

म्हातारपणी त्यांना सरकारशी एक लढाई करावी लागली. पेन्शनरला दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. पूर्वी समोर उभं राहिलं की भागायचं. नंतर अंगठा यंत्रावर ठेवायची पद्धत आली. अण्णांचा अंगठा यंत्राला पटेना. पुसून ठेवला, ओला करून ठेवला, बाकीची बोटं ठेवली. गरम तव्यावरच्या हजारो पोळ्या उलटून बोटांच्या रेषाच उरल्या नव्हत्या. यंत्राच्या लेखी अण्णा हयात नव्हते. काउंटरवरची मुलगी रडकुंडीला आली. अण्णाच तिची समजूत घालत होते, “आगं, आंगठा जळालाय, मी न्हाई.” शेवटी कागदावर काम झालं. निघताना त्यांनी तिला विचारलंच, “जेवलीस का? दीड वाजला.” ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिथल्या सगळ्यांसाठी डबा गेला. किती जण आहेत हे अण्णांनी आदल्या दिवशी रांगेत उभ्या उभ्याच मोजून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी ते गेले. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात होते. शुद्ध कमीजास्त व्हायची, पण नाश्त्याची गाडी फिरताना ऐकू आली की डोळे उघडायचे आणि सिस्टरला प्रश्न जायचा, “वॉर्डात पेशंट किती? उपमा किती जनांचा?” तिनं एकदा आकडा सांगितला. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “रवा कमी पडनार.” त्या दिवशी खरंच कमी पडला.

त्यांची काळी ट्रंक उघडली. वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत पदकं, बेळगावचा एक फोटो, हिरव्या-लाल तुऱ्याची टोपी आणि निळ्या पुठ्ठ्याची एक वही. वहीत पेन्शनीनंतर केलेल्या प्रत्येक जेवणावळीची नोंद. रकाने पट्टीनं आखलेले : तारीख, प्रसंग, धरली पानं, झाली पानं, उरलं. लग्नं, बारशी, कृष्णाबाईचे महाप्रसाद, शाळेची स्नेहसंमेलनं. ‘उरलं’च्या रकान्यात पानोपान ‘काही नाही’. शेवटची नोंद त्यांच्या थरथरत्या अक्षरात होती. तारीख कोरी. प्रसंग : तेरावं (स्वतःचं). धरली पानं : ४००, अधिक ४० वरची. त्याखाली सूचना. बुंदीच्या पाकाकडे लक्ष ठेवावे. आमटीत गूळ बेताचा. वाढप्यांना आधी जेवू घालावे, उपाशी वाढपी हात आखडतो. आणि सगळ्यात खाली : माझे पान धरलेले नाही.

वाचून आई आधी हसली. मग पदर खोचून उठली आणि किराण्याची यादी त्या वहीबरहुकूम करायला लावली. तेराव्याला आमची गंगापुरीतली गल्ली भरून गेली. पलटणीतले चार म्हातारे लांबलांबून आले. विश्वकोशातले ते गृहस्थही काठी टेकत आले. आमटीची काहील उतरवायची वेळ आली तेव्हा आठ पोरं एकमेकांकडे बघायला लागली. घोषणा द्यायचं काम कुणाचं, हे कधी ठरवायची वेळच आली नव्हती. पलटणीतल्या एका म्हाताऱ्यानं घसा साफ केला, सुरुवात केली, आणि “जय”ला काहील उचलली गेली. सुतकाच्या घरात घोषणा कसली, म्हणून भटजी दचकले. पण आमटी सांडली नाही. रात्री आईनं मला वही आणायला सांगितली आणि रकाने भरून घेतले : झाली पानं, ४३२. उरलं, काही नाही. अंदाज चुकला नाही याचा तिला अभिमान होता, आणि भांडायला आता समोर माणूस नाही याचा रागही.

वही सध्या तिच्या ताब्यात असते. आळीत कार्य निघालं की अजून माणसं विचारायला येतात, दोनशे पानांना डाळ किती, दीडशेला तेल किती. ती चष्मा लावून पान काढते, आकडा सांगते आणि एक अट घालते : जेवणं झाल्यावर काय उरलं ते येऊन सांगायचं. कुणी आलं नाही तर ती निरोप धाडून विचारते. फौजेतून आमच्या घरात बदली झालेली ही एकच शिस्त टिकली. पहाटे पाचचा चहा अण्णांबरोबरच गेला, आणि त्याबद्दल कुणाचीही तक्रार नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी वाईला आलं, ढोल्या गणपतीचं दर्शन झालं, मेणवलीची घंटा बघून झाली, तर आमच्याकडे जेवायला जरूर या. मीही आता थोडा स्वयंपाक करतो आणि हात बापाचाच आहे. फक्त निघण्याआधी फोन करून किती पानं ते सांगा. शंभरच्या पुढं असाल तर मी करीन. शंभरच्या आत असाल तर आईला विचारावं लागेल.